रोजचा हिशेब

मतदानाच्या दिवशी सकाळी सातला केंद्राचं दार उघडतं, तेव्हा आत एक छोटी निवडणूक आधीच होऊन गेलेली असते. दीड तास आधी, म्हणजे साडेपाचच्या सुमाराला, जिल्हा परिषद शाळेच्या वर्गात केंद्राध्यक्ष यंत्र मांडून बसतात. हे बहुधा दुसऱ्याच गावच्या शाळेतले गुरुजी, नाहीतर कुठल्यातरी खात्यातले कारकून. आदल्या दिवशी साहित्य ताब्यात घेऊन रात्री त्याच वर्गात सतरंजी टाकून झोपलेले. समोर उमेदवारांचे पोलिंग एजंट. त्यांच्या देखत किमान पन्नास मतं टाकली जातात. प्रत्येक उमेदवाराला काही, 'नोटा'लाही काही. मग क्लोजचं बटण, मग रिझल्टचं. यंत्राने दाखवलेले आकडे कागदावर टिपलेल्या आकड्यांशी जुळवायचे, व्हीव्हीपॅटमधल्या चिठ्ठ्याही मोजायच्या. जुळलं की क्लिअर दाबून सगळं पुसून टाकायचं. चिठ्ठ्यांच्या पाठीवर शिक्का मारून त्या काळ्या पाकिटात बंद. एकूण मतं शून्य, हे पुन्हा एकदा एजंटांना दाखवायचं, सह्या घ्यायच्या, सील लावायचं. सरकारी कागदांवर याला अभिरूप मतदान म्हणतात. केंद्रावर सगळे 'मॉक पोल'च म्हणतात. एजंट वेळेवर उगवले नाहीत तर पंधरा मिनिटं वाट पाहायची आणि पुढे जायचं.

मला त्या शून्याचं फार अप्रूप वाटतं. २०२४च्या लोकसभा निवडणुकीत देशभरात साडेदहा लाखांच्या घरात मतदान केंद्रं होती. आपल्या नंदुरबार जिल्ह्यात नर्मदाकाठच्या मणिबेलीला तर यंत्र बोटीतून न्यावं लागतं. अशा प्रत्येक ठिकाणी एकमेकांवर जराही विश्वास नसलेली चार-सहा माणसं पहाटे जमतात आणि शून्यावर एकमत करून सह्या करतात. त्या दिवसभरात एकमताने होणारी ती बहुधा एकमेव गोष्ट.

मग मतदार येऊ लागतात. पहिला अधिकारी नाव मोठ्याने वाचतो, दुसरा सही घेऊन डाव्या तर्जनीला शाई लावतो, तिसरा आपल्या समोरच्या यंत्रावर बॅलटचं बटण दाबतो. आडोशामागे मतदार आपलं बटण दाबतो, लांबलचक 'बीप' ऐकू येतो, काचेमागे सात सेकंद चिठ्ठी दिसते आणि खाली पडते. गेला महिनाभर ज्या नावावरून तो टपरीवर तावातावाने भांडला, सभेच्या धुळीत ज्याचं भाषण ऐकायला उभा राहिला, ते नाव बहुतेक यंत्रांवर नसतंच. एका मतदारसंघात असतं, तेही खासदारकीचा उमेदवार म्हणून. पंतप्रधानपदासाठी भारतात निवडणूकच होत नाही. मुख्यमंत्रिपदासाठीही नाही.

मग आपण करतो काय? आपण एक सभागृह भरतो. पाचशे त्रेचाळीस खुर्च्यांपैकी एका खुर्चीवर कोण बसणार एवढंच आपल्या हातात. सरकार पुढे त्या सभागृहाच्या पोटी जन्माला येतं.

ते कसं, हे राज्यघटनेत शोधायला गेलं तर माणूस चक्रावतो. अनुच्छेद ७५ इतकंच सांगतो की पंतप्रधानांची नेमणूक राष्ट्रपती करतील, इतर मंत्र्यांची पंतप्रधानांच्या सल्ल्याने करतील आणि मंत्रिमंडळ सामुदायिकपणे लोकसभेला जबाबदार राहील. सर्वांत मोठ्या पक्षाला आधी बोलवावं, असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. २७२चा आकडा नाही. इतकंच कशाला, मंत्री होताना माणूस खासदार असलाच पाहिजे असंही नाही. सहा महिन्यांत दोनपैकी एका सभागृहात निवडून या, नाहीतर पद जाईल, एवढीच अट. १९९१च्या जूनमध्ये नरसिंह राव पंतप्रधान झाले तेव्हा ते खासदार नव्हते. निवृत्तीच्या तयारीत असलेला हा माणूस नोव्हेंबरमध्ये नंद्यालच्या पोटनिवडणुकीतून लोकसभेत आला. राज्यांसाठीही तोच नियम. २८ नोव्हेंबर २०१९ला शिवाजी पार्कवर उद्धव ठाकरे यांनी शपथ घेतली तेव्हा ते आमदार नव्हते, विधान परिषदेवरही नव्हते. घाई नव्हती, सहा महिने होते. त्या सहा महिन्यांत करोना आला, टाळेबंदी लागली, परिषदेची निवडणूक पुढे ढकलली गेली आणि अख्खं मंत्रालय कॅलेंडरकडे डोळे लावून बसलं. मुख्यमंत्री गेले असते तर त्यांच्याबरोबर मंत्रिमंडळही गेलं असतं. १४ मे २०२०ला, मुदत संपायला दोन आठवडे उरलेले असताना, ते बिनविरोध निवडून आले.

ही सहा महिन्यांची फट ध्यानात ठेवा. तिच्यातूनच एकदा एक केंद्र सरकार घसरलं.

खुर्च्या भरण्याची आपली रीतही अजब आहे. ज्याला सर्वांत जास्त मतं, तो विजयी. निम्म्याहून अधिक मतं हवीत असं काही नाही. त्यामुळे मतं आणि जागा यांचं नातं कधी सरळ नसतं. १९८४ साली काँग्रेसला देशातली निम्म्याहून किंचित कमी मतं पडली आणि जागा मिळाल्या चारशेच्या वर. त्याच निवडणुकीत भाजपला सात टक्क्यांहून थोडी जास्त मतं होती आणि जागा दोन. मतदारसंघाच्या हद्दीबाहेर आपल्या मताला काडीची किंमत नाही, पण हद्दीच्या आत ते कधी सोन्याचं होईल सांगता येत नाही. २०२४ला मुंबई वायव्य मतदारसंघाचा निकाल ४८ मतांनी लागला; एवढी माणसं तर मुंबईत एकाच इमारतीत राहतात. २००८मध्ये राजस्थानात नाथद्वाऱ्याला सी. पी. जोशी एका मताने पडले. ते तेव्हा प्रदेश काँग्रेसचे अध्यक्ष होते, मुख्यमंत्रिपदाचे दावेदार होते, आणि त्यांचा पक्ष निवडणूक जिंकून सत्तेवर आला. आणि मतं सारखीच पडली तर? कायदा म्हणतो चिठ्ठी टाका. मुंबई महापालिकेच्या २०१७च्या निवडणुकीत एका प्रभागात नेमकं तसंच झालं आणि लहान मुलाच्या हाताने चिठ्ठी काढून नगरसेवक ठरवला गेला. कोट्यवधींचा यंत्रणेवरचा खर्च, आणि शेवटी सत्यनारायणाच्या प्रसादासारखी एक चिठ्ठी हातावर. मला यात कमीपणा वाटत नाही. मोजणं जिथं संपतं तिथं नशिबाला उघडपणे बोलावणं, हाही प्रामाणिकपणाच.

आता सभागृह भरलं. सरकार बसलं. पाच वर्षांची निश्चिती झाली असं आपण म्हणतो, आणि तिथंच चुकतो. पाच वर्षं ही लोकसभेची कमाल मुदत आहे. सरकारला मुदत अशी नाहीच.

हे अनवधानाने झालेलं नाही. ४ नोव्हेंबर १९४८ला घटनेचा मसुदा संविधान सभेपुढे मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न थेट घेतला होता. कार्यकारी सत्तेकडून दोन गोष्टी हव्या असतात, स्थैर्य आणि जबाबदारी. दोन्ही सारख्याच प्रमाणात देणारी व्यवस्था अजून कुणाला सापडलेली नाही, असं त्यांचं म्हणणं. अमेरिकेच्या अध्यक्षीय पद्धतीत स्थैर्य जास्त, ब्रिटनच्या संसदीय पद्धतीत जबाबदारी जास्त. अमेरिकेत सरकारचा हिशेब ठरावीक मुदतीने होतो आणि तो मतदार करतात. संसदीय पद्धतीत तो मुदतीनेही होतो आणि रोजही होतो. रोजचा हिशेब सभागृहातले सदस्य प्रश्न विचारून, ठराव मांडून, अविश्वास दाखवून घेतात. मसुद्याने स्थैर्यापेक्षा जबाबदारीला झुकतं माप दिलं आहे, हे त्यांनी लपवलं नाही. फाळणीच्या जखमा ओल्या, संस्थानं नुकतीच विलीन होत होती, काही अजून व्हायची होती. अशा वेळी कुणीही स्थिर, मजबूत, न हलणारं सरकार मागितलं असतं. या माणसाने रोज जाब देणारं सरकार मागितलं. माझ्या मते तो मसुद्यातला सर्वांत धाडसी निर्णय होता. आणि नियतीचा खेळ असा की १९५२च्या पहिल्याच निवडणुकीत उत्तर मुंबईच्या मतदारांनी बाबासाहेबांनाच पाडलं. काँग्रेसचे नारायणराव काजरोळकर निवडून आले. बाबासाहेब मग राज्यसभेत गेले.

रोजचा हिशेब म्हणजे काय, ते सकाळी अकराला सुरू होणाऱ्या प्रश्नोत्तराच्या तासात दिसतं, निदान दिसायला हवं. पण मला त्याहून मौज वाटते ती कपात सूचनेची. एखाद्या खात्याच्या धोरणाचा धिक्कार करायचा असेल तर विरोधी सदस्य त्या खात्याची हजारो कोटींची मागणी कमी करून एक रुपयावर आणावी, अशी सूचना देतो. एक रुपया! म्हणजे खातं बंद करा असं म्हणणं नाही. तुमच्या धोरणाची किंमत आमच्या लेखी एवढी, असं म्हणणं आहे. ही सूचना मंजूर झाली तर सरकारने जावं अशीच अपेक्षा असते, म्हणून सरकारी बाकांवरचे सगळे त्या दिवशी आजारपण विसरून हजर राहतात.

आणि मग अविश्वास ठराव. लोकसभेच्या नियमांत यासाठी लागतो तो पन्नास सदस्यांचा पाठिंबा. कारण लागत नाही. भ्रष्टाचार, महागाई, युद्ध, काहीच लिहावं लागत नाही. या सभागृहाचा मंत्रिमंडळावर विश्वास नाही, एवढं एक वाक्य पुरतं. पहिला ठराव आचार्य कृपलानींनी ऑगस्ट १९६३मध्ये नेहरूंविरुद्ध मांडला, चीनच्या युद्धानंतर. तो ६२ विरुद्ध ३४७ असा फेटाळला गेला, पण नेहरूंना सभागृहात बसून सगळं ऐकावं लागलं. दुसरा सांगण्यासारखा ठराव यशवंतराव चव्हाणांचा, जुलै १९७९चा. ते तेव्हा विरोधी पक्षनेते होते. ठरावावर मतदान झालंच नाही. सत्तेवरच्या जनता पक्षाला गळती लागली ती थांबेना आणि पंतप्रधान मोरारजींनी त्याआधीच राजीनामा दिला. राष्ट्रपती संजीव रेड्डी यांनी रिवाजाप्रमाणे यशवंतरावांना सरकार बनवता येतं का ते पाहायला सांगितलं. काही दिवस त्यांनी चाचपणी केली आणि जमत नाही असं कळवून टाकलं. सरकार पाडायला निमित्त झालेल्या माणसाला सरकार बनवता येत नाही, हे त्या आठवड्यात महाराष्ट्राने जवळून पाहिलं. पंतप्रधान झाले चरणसिंग, यशवंतराव उपपंतप्रधान. पण चरणसिंगांचा पाठिंबाही विश्वासदर्शक मतदानाआधीच गेला आणि पंतप्रधान म्हणून त्यांना लोकसभेला सामोरं जाता आलं नाही.

पाडणारी बेरीज एक आणि बसवणारी बेरीज वेगळी. हे सर्वांत लख्ख दिसलं ते १७ एप्रिल १९९९ला.

तेरा महिन्यांचं वाजपेयी सरकार. अठरा खासदार असलेल्या अण्णाद्रमुकने पाठिंबा काढला आणि राष्ट्रपती के. आर. नारायणन यांनी सरकारला विश्वासमत घ्यायला सांगितलं. तीन दिवस चर्चा चालली. शनिवारी मतदान. इथं जरा थांबून मतविभागणी कशी होते ते पाहण्यासारखं आहे. आधी अध्यक्ष 'होय'वाले आणि 'नाही'वाले किती ते आवाजावरून अजमावतात. कुणी हरकत घेतली की घंटा वाजू लागते, साडेतीन मिनिटं. ग्रंथालयातून, सेंट्रल हॉलमधून, जिन्यांवरून खासदार पळत येतात. घंटा थांबली की दारं बंद. आता राष्ट्रपतीही आले तरी उघडायची नाहीत. प्रत्येक सदस्य आपल्याच जागेवर हवा. समोर हिरवं, लाल आणि पिवळं बटण: बाजूने, विरोधात, तटस्थ. पण नुसतं बटण दाबून भागत नाही. दुसऱ्या हाताने मतदानाचा एक खटकाही त्याच वेळी दाबून धरावा लागतो, दुसरी घंटा होईपर्यंत, दहा सेकंद. दोन्ही हात गुंततात; गैरहजर शेजाऱ्याचं बटण दाबायला हात मोकळाच उरत नाही. देशाची किल्ली त्या दहा सेकंदांत अशी पाचशे जणांच्या हजार हातांत असते.

त्या दिवशी फलकावर अखेर आकडे आले: बाजूने २६९, विरोधात २७०.

कुणाचं होतं ते एक मत? दिल्लीत आणि गल्लीत गेली पंचवीस वर्षं यावर वाद चालला आहे. बहुजन समाज पक्षाचे पाच सदस्य तटस्थ राहतील असं वाटत होतं, त्यांनी ऐनवेळी विरोधात मत दिलं. नॅशनल कॉन्फरन्सचे सैफुद्दीन सोझ पक्षाचा व्हिप मोडून विरोधात गेले. पण सगळ्यांच्या तोंडी राहिले ते गिरिधर गमांग. ते फेब्रुवारीतच ओडिशाचे मुख्यमंत्री झाले होते. विधानसभेवर निवडून यायला सहा महिने होते, म्हणून कोरापुटची खासदारकी त्यांनी सोडलेली नव्हती. मुख्यमंत्री असलेल्या माणसाने लोकसभेत मत द्यावं का? अध्यक्ष जी. एम. सी. बालयोगी यांनी तो निर्णय त्यांच्याच सदसद्विवेकबुद्धीवर सोपवला. गमांग यांनी पक्षाच्या आदेशाप्रमाणे विरोधात मत दिलं. कायद्यात चूक काहीच नव्हती. ज्या फटीतून नरसिंह राव आत आले, तिच्यातूनच वाजपेयी सरकार बाहेर गेलं.

समजा, गमांग त्या दिवशी भुवनेश्वरलाच थांबले असते. मग २६९ विरुद्ध २६९. घटनेनुसार अध्यक्षांना पहिल्या फेरीत मत नसतं. समसमान झालं तरच त्यांचं निर्णायक मत. बालयोगी तेलुगू देसमचे, आणि तेलुगू देसमचा सरकारला बाहेरून पाठिंबा. अध्यक्ष म्हणून ते निःपक्ष. म्हणजे साठ कोटींहून अधिक मतदारांच्या देशाचं सरकार राहणार की जाणार, हे एका माणसाला उभं राहून सांगावं लागलं असतं. तशी पाळी आली नाही, त्याबद्दल बालयोगींनी मनातल्या मनात गमांगांचे आभार मानले असतील तर नवल नाही.

हे असंच, जवळजवळ असंच, वीस वर्षं आधी लंडनमध्ये घडलं होतं. २८ मार्च १९७९. जेम्स कॅलहॅन यांचं मजूर पक्षाचं सरकार ३११ विरुद्ध ३१० अशा एका मताने पडलं. त्यांचे यॉर्कशायरचे खासदार सर आल्फ्रेड ब्रॉटन मरणासन्न होते. रुग्णवाहिका संसदेच्या आवारात आली असती तरी त्यांचं मत धरलं गेलं असतं, पण वाटेतच प्राण जाण्याची भीती होती, म्हणून त्यांना आणलं नाही. मजूर पक्षाचे उपप्रतोद वॉल्टर हॅरिसन हुजूर पक्षाचे उपप्रतोद बर्नार्ड वेदरिल यांच्याकडे गेले. नेहमीच्या मतदानात तिथं एक सभ्य रिवाज असतो: आमचा एक आजारी, तर तुमच्यातल्या एकाने मत देऊ नये. वेदरिल म्हणाले, विश्वासमताला हा रिवाज लागू नाही, माझ्या पक्षातला कुणी तयार होणार नाही; पण मी तुम्हाला शब्द दिलेला आहे, तर मीच मत देत नाही. स्वतःच्या पक्षात पुढे त्यांचं काय झालं असतं ते सांगायला नको. हॅरिसन यांनी त्यांना शब्दातून मोकळं केलं. सरकार पडलं, ब्रॉटन काही दिवसांतच गेले, निवडणूक झाली आणि मार्गारेट थॅचर पंतप्रधान झाल्या. वेदरिल पुढे सभागृहाचे अध्यक्ष झाले. नियमपुस्तकात यातला एक शब्दही सापडणार नाही, आणि तरी ही सगळी व्यवस्था अशा गोष्टींच्या आधारानेच उभी असते.

परत दिल्लीला येऊ. २७० जणांनी मिळून सरकार पाडलं, पण त्या २७० जणांना मिळून एक सरकार बनवता येईना. सोनिया गांधींनी २७२ सदस्यांच्या पाठिंब्याचा दावा केला. समाजवादी पक्षाच्या मुलायमसिंहांनी नकार दिला आणि दावा बारगळला. २६ एप्रिलला लोकसभा विसर्जित झाली. जर्मनीने ही अडचण आधीच ओळखून ठेवली आहे. तिथं नुसतं पाडता येत नाही. चान्सेलरवर अविश्वास दाखवायचा तर त्याच ठरावात नवा चान्सेलर निवडून द्यावा लागतो. १९८२मध्ये हेल्मुट श्मिट गेले आणि त्याच मतदानाने हेल्मुट कोल आले. आपल्याकडे तशी तरतूद आणावी असं अधूनमधून कुणी सुचवतं. मला ती मोहक वाटते आणि थोडी भीतीही वाटते; नको असलेलं सरकार केवळ दुसरं सापडत नाही म्हणून टिकून राहणं, हा स्थैर्याचा नमुना फार चांगला नाही.

त्या एका मताचे धागे महाराष्ट्रापर्यंत आले. बाराव्या लोकसभेत विरोधी पक्षनेते होते शरद पवार. सरकार पडलं, निवडणूक दारात आली आणि काँग्रेसचा पंतप्रधान कोण हा प्रश्न उघड्यावर आला. मे महिन्यात पवार, पी. ए. संगमा आणि तारिक अन्वर यांनी सोनिया गांधींच्या परदेशी जन्माचा मुद्दा काढला, काँग्रेसने तिघांना काढलं आणि १० जूनला राष्ट्रवादी काँग्रेस जन्माला आली. ऑक्टोबरमध्ये राज्यात दोन्ही काँग्रेस पुन्हा एकत्र, मुख्यमंत्री विलासराव देशमुख. बेरजेला आठवण नसते.

बहुमत मोजायचं कुठे, हा प्रश्न दिल्लीपेक्षा राज्यांत जास्त चिघळला. राज्यपालांच्या दिवाणखान्यात सह्यांच्या याद्या दाखवायच्या, आमदारांची परेड करायची, असं बरीच वर्षं चाललं. १९९४च्या बोम्मई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकलं की बहुमताची परीक्षा सभागृहातच. २३ नोव्हेंबर २०१९ला पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी महाराष्ट्रातली राष्ट्रपती राजवट उठली, राज्य जागं होईपर्यंत देवेंद्र फडणवीस आणि अजित पवार यांचा शपथविधी उरकला होता. २६ तारखेला न्यायालयाने आदेश दिला: दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत चाचणी घ्या, मतदान गुप्त नको, थेट प्रक्षेपण करा. त्याच दुपारी फडणवीसांनी राजीनामा दिला. २०२२ला याच्या उलट बाजूने तोच धडा. उद्धव ठाकरे यांनी २९ जूनला चाचणीच्या आदल्या रात्री राजीनामा दिला. पुढे ११ मे २०२३ला न्यायालय म्हणालं की राज्यपालांकडे चाचणी बोलवायला पुरेसा आधार नव्हता. पण ठाकरे चाचणीला सामोरे गेले नाहीत, राजीनामा दिला, म्हणून आधीची स्थिती परत आणता येत नाही. जी मोजणी त्या खोलीत झालीच नाही, ती न्यायालयही करून देऊ शकलं नाही.

बाबासाहेबांच्या रोजच्या हिशेबात एक बदल मात्र १९८५ला झाला. बावन्नाव्या घटनादुरुस्तीने पक्षांतरबंदी आणली, घटनेला दहावं परिशिष्ट जोडलं. व्हिप मोडला तर सदस्यत्व जाणार. हेतू उघड होता. 'आयाराम गयाराम' हा शब्दप्रयोग उगाच रूढ झाला नव्हता. आधी एक तृतीयांश सदस्य फुटले तर कायदा सोडून द्यायचा. २००३ला ती वाट बंद झाली, आता विलीनीकरणासाठी दोन तृतीयांश लागतात. परिणाम काय झाला? फुटणं थांबलं नाही, फुटायला जास्त माणसं लागू लागली. त्यांना एकत्र, एका ठिकाणी, फोन काढून घेऊन ठेवायला लागलं. रिसॉर्टवाल्यांची चंगळ झाली. आणि आतला खासदार, जो सरकारचा हिशेब घेणार म्हणून निवडून दिला, तो एरवी साध्या विधेयकावरही पक्षाने सांगितलं तेच बटण दाबतो. माझा या कायद्यावरचा राग एवढाच: विश्वासमतावर आणि अर्थसंकल्पावर व्हिप ठेवा, बाकी वेळी माणसाला दोन्ही हात त्याच्या डोक्याने वापरू द्या. सोझ यांच्यावर या कायद्याचा बडगा आला असता; पण पक्षाने त्यांना काढलं आणि कायद्याची पावलं पडायच्या आत नऊ दिवसांत लोकसभाच संपली.

लोकसभा संपली, मग सरकार कुणाला जबाबदार? हे कोडं १९७१मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलं होतं. इंदिरा गांधींनी लोकसभा विसर्जित करायला लावली होती, मद्रासचे यू. एन. आर. राव यांचा युक्तिवाद असा की ज्या सभागृहाला मंत्रिमंडळ जबाबदार तेच नाही, तर मंत्रिमंडळ कसलं? न्यायालय म्हणालं, राष्ट्रपतींना सल्ला देणारं मंत्रिमंडळ असलंच पाहिजे, एक दिवसही त्याशिवाय चालायचं नाही. 'काळजीवाहू सरकार' असा शब्द घटनेत नाही. आहे ते सरकारच. रिवाज एवढाच की मोठे निर्णय घेऊ नयेत.

१९९९च्या मे महिन्यात कारगिलच्या डोंगरांवर घुसखोर सापडले. विश्वासमत हरलेल्या, लोकसभाच नसलेल्या सरकारने युद्ध केलं. कुठल्याही सरकारपुढे याहून मोठा निर्णय काय येणार! २६ जुलैला युद्ध संपलं, सप्टेंबर आणि ऑक्टोबरमध्ये मतदान झालं. १९९८ला भाजपचे १८२ खासदार निवडून आले होते. एवढं सगळं होऊन, सरकार पडून, युद्ध जिंकून, १९९९लाही त्यांचे बरोबर १८२च आले. या वेळी अण्णाद्रमुकच्या जागी द्रमुक शेजारी बसला होता, आघाडीतले मित्रपक्ष वाढले होते, आणि पुढची लोकसभा निवडणूक थेट २००४ला झाली.